मेल्यावर सरकारजमा

भुईमुगाच्या वावरात रात्री डुकरांचा कळप येऊन गेला असेल, तर सकाळी ते बांधावरूनच कळतं. नांगर धरायला नुकताच शिकलेल्या माणसाने मनाला येईल तसा तास ओढावा, तशी जमीन उकरलेली असते. वेल उपटून आडवे पडलेले, शेंगांची चघळून टाकलेली फोलपटं, ओल्या मातीत खुरांचे ठसे आणि कुठे तरी ठिबकची नळी दाताने तोडलेली. ज्वारीत डुक्कर शिरलं तर ते ताटं अंगाने रेटून खाली पाडतं, कणसाचा थोडा भाग खातं आणि पुढच्या ताटाकडे वळतं. खाण्यापेक्षा तुडवणं जास्त. काळवीटांची रीत वेगळी. ती हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडत जातात. रोप उभं राहतं आणि लांबून पाहणाऱ्याला शेत शाबूत वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की घाटे धरायला शेंडाच उरलेला नाही.

कोणतं जनावर येऊन गेलं हे शेतकरी असं नुकसानीवरून ओळखतो. ही ओळख त्याला कायद्याच्या दारातही लागते, कारण जनावर कोणतं यावरच पुढचं सगळं ठरतं. रानडुकराने खाल्लं असेल तर त्याला मारण्याचा परवाना मागता येतो. काळवीटाने खाल्लं असेल तर तो मागूनही मिळत नाही. शेत तेच, मालक तोच, तोटाही कदाचित तेवढाच.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं की थोड्या वेळात येतं. वर्तमानपत्रांत कुंभारीचं नाव येतं ते इथल्या कामगार वसाहतींमुळे. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत इथलीच आणि रे नगरही इथलंच. शिकारीच्या परवान्यांबद्दल लिहिताना कुंभारी कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की परवान्याचा न्याय-अन्याय ताडोब्याच्या काठावर उभं राहून नीट कळत नाही. तिथे जंगल आहे, वाघ आहे, वनखात्याची ठाणी आहेत. जिथे जंगल नाही, माळ आहे, ऊस आहे, ज्वारी आहे आणि हाकेच्या अंतरावर हजारो घरं आहेत, तिथे हा कायदा कसा लागू पडतो ते पाहावं.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी केली. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, हाकारे घालून जनावर हुसकणं हेही शिकारीतच मोडतं. अकराव्या कलमात सूट आहे. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, काही जनावरं मारण्याची लेखी परवानगी कारणं नोंदवून देता येते. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल, म्हणजे वाघ, बिबट्या, काळवीट, माळढोक, तर ते माणसाच्या जिवावर उठलेलं असावं लागतं, नाही तर बरं न होण्याइतकं जखमी किंवा आजारी. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावरांना मात्र ते चालतं. जिवाला किंवा मालमत्तेला धोका, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या चार झाल्या. पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत असलेली रानडुक्कर आणि नीलगाय आता दुसरीत आहेत. विनापरवाना रानडुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते एकोणचाळिसावं कलम. परवाना घेऊन मारलेलं जनावर राज्य सरकारच्या मालकीचं होतं. रात्रभर ते तुमच्या शेतात चरत होतं तोवर त्याच्या खाण्याचा हिशोब कुणाच्या वहीत नव्हता. गोळी लागून पडलं की त्याच क्षणी त्याला मालक मिळतो आणि तो मालक तुम्ही नसता. मांस खाता येत नाही, विकता येत नाही, सुळेही ठेवता येत नाहीत. यामागचं कारण मी समजू शकतो. मांसाला भाव आला की पीक वाचवण्याच्या नावाखाली धंदा सुरू व्हायला वेळ लागत नाही. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहिलं तर हे गणित विचित्रच दिसतं. जिवंतपणीचा खर्च त्याने सोसायचा आणि मेल्यावर जनावर सरकारजमा.

महाराष्ट्र सरकारने २०१५ साली नीलगाय आणि रानडुकरांसाठी परवान्याची वाट सोपी केली. शेतकऱ्याने अर्ज करायचा आणि वनक्षेत्रपालाने २४ तासांत निर्णय द्यायचा. कागदावर याहून जलद काय हवं? पण परवाना म्हणजे बंदूक नव्हे. बंदुकीचा परवाना वेगळा, तो शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. १९५९ च्या या कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि कोकणात ‘शेती संरक्षण’ परवान्याच्या अशा बंदुका आजही घराघरांत सापडतात. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि आचारसंहितेचा काळ पिकाच्या काळात आला की डुकरांचं फावतं. सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ठासणीचीही बंदूक सहसा नसते. त्याच्याकडे गोफण असते, बॅटरी असते, फटाके असतात आणि माळ्यावर बसून डबा वाजवायला घरातलं एखादं पोरगं असतं. त्याला वनखात्याने २४ तासांत परवाना दिला, तरी तो हातात धरून तो करणार काय?

मग नेमबाज बोलवावा लागतो. इथे हा प्रश्न वर्गाचा होतो. बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या परिसरात काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, त्या हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी. त्याआधी केंद्र सरकारने बिहारमधली नीलगाय, उत्तराखंडातलं रानडुक्कर आणि हिमाचलातलं माकड ठरावीक भागांत, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवली होती. त्या वेळी केंद्रीय मंत्री मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांची जाहीर खडाजंगी झाली आणि त्या वादात चंद्रपूरच्या रानडुकरांचंही नाव आलं. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळात अवनी वाघीण मारली गेली तेव्हाही गोळी हैदराबादच्याच शिकारी घराण्यातली होती. कायद्याने शौकाची शिकार १९७२ साली बंद केली खरी, पण बंदूक, नेम आणि सवड ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनाच परवान्याची वाट पुन्हा बोलावते.

आणि शिकारीचं खरं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांचं काय झालं? सोलापुरात हे विचारायला लांब जावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांना कोंडण्यासाठी सोलापुरात सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणातली ती वस्ती. १९५२ साली हा कायदा गेला आणि माणसं विमुक्त झाली, पण शहरात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. फासेपारध्यांना पायवाट पाहून जनावर कळतं. फास कुठे मांडायचा, वारा कुठून हवा, हे त्यांच्या पोरांना न शिकवता येतं. एकेकाळी हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याच काळात कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते सोडून काळवीट मारण्याचा शौक चालत होता. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात आणि त्यांना सांभाळायला चित्तेवान असत. एकाच काळवीटाला एकाने फासात धरलं तर तो गुन्हेगार, दुसऱ्याने चित्त्याकडून धरवलं तर तो दरबारी थाट. आज दोघांनाही बंदी आहे, हे चांगलंच झालं. पण डुकराच्या परवान्यावर नेमबाज म्हणून नाव कुणाचं लागतं आणि पोलिसांच्या नजरेत फास मांडणारा म्हणून संशयित कोण असतो, एवढं पाहिलं तरी जुनी उतरंड शाबूत असल्याचं दिसतं.

शेतकऱ्याच्या बाजूने हा प्रश्न फार पूर्वी मांडणारा माणूस आपल्याच मराठीतला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७८ साली, व्हाइसरॉय लिटनच्या शस्त्र कायद्याने रयतेच्या हातातली हत्यारं काढून घेतली होती. फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेतं डुकरांपासून राखायला शेतकऱ्याला साधी गावठी बंदूक द्यायची सरकारची छाती होत नसेल, तर राखणीचं काम सरकारने आपल्या पोलिसांकडे द्यावं. आणि तरीही डुकरांनी शेत खाल्लं, तर ते नुकसान पोलिसांच्या वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून कापून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावं, आणि तसा कायदाच करावा. नुकसानभरपाईवर आज जे काही लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं या मागणीहून मवाळ आहे. फुल्यांनी बंदुकीचा हट्ट धरला नाही. जो हात बांधतो त्याने नुकसानही सोसावं, एवढाच त्यांचा हिशोब होता. १९७२ च्या कायद्याने वन्यप्राणी वाचवले आणि त्यासाठी शेतकऱ्याचे हात बांधणं कदाचित अटळ होतं. पण हिशोबाची दुसरी बाजू लिहायची राहिली.

इतर देशांनी ती कशी लिहिली हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत जंगली जनावर राज्याने लोकांच्या वतीने सांभाळायचं असतं, ते जमीनमालकाचं नसतं. शिकार कायदेशीर आहे, पण चांगल्या भागात एल्क हे मोठं हरीण मारायचा परवाना सोडतीत निघतो आणि अनेकजण त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात. अडचण अशी की एल्कांचे कळप हिवाळ्यात खासगी कुरणांवर उतरतात. हजारो एकरांचा मालक फाटक बंद करून बसला तर हातात परवाना असूनही शिकारी बाहेरच राहतो, आणि कळप आत सुरक्षित वाढून शेजाऱ्याचं गवत खात राहतो. मोंटाना राज्याने २००१ साली, विधिमंडळातल्या ४५४ क्रमांकाच्या विधेयकाने, यावर सौदा काढला. मालकाने सामान्य शिकाऱ्यांना विनाशुल्क आत येऊ द्यायचं, त्याबदल्यात राज्य त्याला, त्याच्या कुटुंबाला किंवा नोकराला सोडतीशिवाय परवाना देणार.

या सौद्यावर तिथे अजून भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. विरोधक म्हणतात, जनावर सगळ्यांचं असताना एकाला रांग न लावता परवाना आणि बाकीच्यांना सोडत, हा कुठला न्याय? शिवाय मालकाला मोठ्या शिंगांचा नर आणि बाहेरून आलेल्यांना मादी, अशी वाटणी होते, असाही आरोप आहे. बड्या धनिकांनी विकत घेतलेल्या जमिनींवर हे परवाने गेले तेव्हा आरडाओरड वाढली. समर्थकांचं उत्तर व्यवहारी आहे. फाटक बंद असताना आत कुणालाच जाता येत नव्हतं, आता काहींना तरी जाता येतं, आणि गवत तर मालकाचंच खाल्लं जात होतं.

माझा कल विरोधकांकडे आहे. सार्वजनिक गोष्टीचा मोबदला तिच्यातलाच तुकडा तोडून दिला, की हळूहळू ज्यांच्याकडे जास्त जमीन त्यांच्याकडे जास्त तुकडे जातात. पण या व्यवस्थेची एक गोष्ट मान्य करायला हवी. काय दिलं आणि काय घेतलं, हे तिथे करारात लिहिलेलं असतं. चुकीचा असला तरी तो सौदा उघड्यावरचा आहे आणि म्हणून त्यावर भांडता येतं.

आपल्याला अधिक शिकण्यासारखं आहे ते जर्मनीचं. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे, पण लहान तुकड्यावर तो एकट्याला बजावता येत नाही. सलग ७५ हेक्टर जमीन असेल तरच स्वतःचं शिकारक्षेत्र. बाकीच्या सगळ्या लहान मालकांचं मिळून एक सामाईक क्षेत्र होतं आणि ती त्यांची संस्थाच असते. ही संस्था शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने देते, आलेले पैसे जमिनीच्या प्रमाणात वाटते, आणि रानडुकराने किंवा हरणाने कुणाचं पीक खाल्लं तर भरपाई या सामाईक खात्यातून किंवा भाडेकरू शिकाऱ्याकडून वसूल होते. ज्याला शिकारीचा आनंद हवा, त्यानेच डुकराच्या जेवणाचं बिल भरायचं. शिकार नैतिकदृष्ट्या मान्य नसलेल्या एका जमीनमालकाने या सक्तीच्या सदस्यत्वाविरुद्ध दाद मागितली तेव्हा २०१२ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि जर्मनीला कायदा बदलावा लागला. म्हणजे तिथेही सगळं गोड नाही. पण हिशोबाची पद्धत पाहा. डुक्कर बांध ओळखत नाही, हे त्या कायद्याने मान्य केलेलं आहे.

महाराष्ट्रात सरासरी शेतधारणा दीड हेक्टरलाही पोहोचत नाही आणि परवाना मात्र एकेका शेतकऱ्याने, आपापल्या गटासाठी मागायचा. सोलापूर जिल्ह्यात तर याला उसाची फोडणी आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, विहिरींना पाणी आलं आणि ऊस वाढला. उसाच्या फडात डुकराला दिवसभर सावली, ओल आणि आडोसा मिळतो. फडात माणूस बारा महिन्यांत मोजक्या वेळा शिरतो. रात्री डुकरं तिथून निघतात आणि शेजारच्या भुईमुगात, मक्यात, ज्वारीत उतरतात. ऊसवाल्याचंही नुकसान होतं, पण त्याच्या एकरभर फडातली दहा-वीस ताटं गेली तर तो तग धरतो. ज्याचा दोन एकर भुईमूग हेच वर्षाचं पीक आहे, त्याचा हातातोंडाशी आलेला घास जातो. आडोसा एकाच्या शेतात, भूक दुसऱ्याच्या शेतात. परवाना मागायचा नुकसान झालेल्याने, आणि डुकरं दिवसभर बसलेली असतात त्या फडाचा मालक या कागदात कुठेच येत नाही. सौर कुंपणाचीही तीच गत. अनुदान मिळवून एकाने घातलं की कळप पुढच्या गटात जातो आणि पुढचा गट बहुधा कुंपण न परवडणाऱ्याचा असतो.

आता कुंभारीच्या शिवारात उभं राहून परवान्याचा विचार करून पाहा. एका अंगाला विडी कामगारांची दहा हजार घरं. रे नगरची योजना तीस हजार घरांची, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय याच गावात. पहाटे पाणी भरायला उठणाऱ्या बाया, कामाच्या पाळीला निघालेली माणसं, रस्त्यावरून अक्कलकोटला जाणाऱ्या स्वामीभक्तांच्या गाड्या. अशा ठिकाणी रात्री डुकरावर बंदूक चालवायला कुठला शहाणा अधिकारी परवानगी देईल, आणि दिली तर कुठला शहाणा शेतकरी ती वापरेल? ज्या गावांभोवती वस्ती दाट होत चालली, तिथे परवाना हा उपाय निकामीच आहे. तो कागदावर असल्यामुळे मात्र सरकारला म्हणता येतं की आम्ही वाट मोकळी केली, शेतकरीच अर्ज करत नाहीत.

वाट मोकळी नसली की माणूस चोरवाट शोधतो. तारेत वीजप्रवाह सोडणं ही त्यातली सर्वांत वाईट. विदर्भात अशा तारांनी वाघ मेलेत, बिबटे मेलेत आणि माणसंही मेलीत. कित्येकदा तार लावणाऱ्याच्याच घरातलं कुणी. तार डुक्कर, माणूस आणि काळवीट यांत फरक करत नाही. ती लावणाऱ्यावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, त्यात सवलत नको. पण कायद्याने दिलेला उपाय वापरता येण्यासारखा नसला, की बेकायदा उपाय स्वस्त वाटू लागतो, हेही धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं.

केरळने वेगळा प्रयोग केला. २०२२ पासून तिथे पंचायतीच्या अध्यक्षाला रानडुक्कर मारण्याचा आदेश काढता येतो. मांस खायला बंदी, मढं पुरायचं. अधिकार गावात आला हे मला पटतं. गोळी घालणारा परवानाधारक मिळवताना तिथल्या पंचायतींचीही दमछाक होते, हा भाग निराळा.

मग न्याय कशात आहे? सोलापूर जिल्ह्याने या बाबतीत एक मोठा धडा आधीच घेतलेला आहे. नान्नजच्या माळावर माळढोक सापडला म्हणून १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर जिल्ह्याचं सगळं क्षेत्रफळ १५ हजार चौरस किलोमीटरच्याही आत आहे, यावरून आवाका समजावा. त्यातली बहुतेक जमीन खासगी, लोकांच्या सातबाऱ्यावरची. वर्षानुवर्षं जमिनीचे व्यवहार अडले, उद्योग अडले, आणि पक्ष्याबद्दल गावात जी आपुलकी असायला हवी होती तिच्या जागी राग साचला. शेवटी अभयारण्य आटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक मात्र तोवर फारच थोडे उरले होते. माळढोक जाण्याला अनेक कारणं आहेत, माळ नांगरले गेले हे त्यातलं मोठं. पण खासगी जमिनीवर सार्वजनिक ओझं टाकायचं आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही, या धोरणाने पक्षी वाचला नाही आणि शेतकऱ्याचंही भलं झालं नाही.

काळवीटांच्या बाबतीत आपण तीच चूक थोड्या लहान प्रमाणात करतो आहोत. सोलापूरच्या माळांवर काळवीट टिकले त्यात अभयारण्याचा वाटा आहेच, पण मोठा वाटा कोरडवाहू शेतकऱ्याच्या हरभऱ्याचा आहे. तो हरभरा ही त्याने समाजाला दिलेली वर्गणी आहे, फक्त पावती मिळत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारायचा परवाना मिळू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. त्याच कारणाने, जिथे परवाना शक्यच नाही तिथे भरपाई पूर्ण आणि वेळेवर हवी. २०१५ च्या शासन निर्णयात पीक नुकसानीला कमाल २५,००० रुपयांची मर्यादा होती. दहा हजारांपर्यंतचं नुकसान पूर्ण, त्यापुढचं ऐंशी टक्के. रकमा वाढतात, वाढायलाच हव्यात. पण आकड्याहून मोठी अडचण आहे ती सातबाऱ्याची. वाट्याने किंवा खंडाने शेत करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. डुकराने त्याची मेहनत आणि बियाणं खाल्लं तरी भरपाई जाते मालकाच्या खात्यात. मालक पुण्यात नोकरीला असेल तर पुढचं सांगायला नको.

माझा निष्कर्ष सरळ आहे. एकेका जमीनमालकाला शिकारीचा परवाना देणं हा सोलापूरसारख्या जिल्ह्यात ना उपाय आहे ना न्याय. डुकरांची संख्या कमी करायचीच असेल, आणि काही ठिकाणी ती करावी लागेल, तर ते काम वनखात्याने स्वतः, प्रशिक्षित माणसांकडून, पिंजरे आणि पकड मोहिमांनी, पूर्ण शिवार एक धरून करावं. मागणी ग्रामसभेची असावी आणि तीत ऊसवाला, भुईमूगवाला, खंडकरी सगळे यावेत. ज्यांना रानातली वाट वाचता येते त्या पारधी तरुणांना या कामात रीतसर पगारी नोकरी द्यावी. आणि परवाना मिळो न मिळो, भरपाईचा हक्क त्याच्यावर अवलंबून नसावा.

तोवर, ज्यांच्या शेतात आज रात्री कळप उतरेल त्यांनी सकाळी वावर सारखं करायची घाई करू नये. आधी ठसे आणि उपटलेले वेल दिसतील असे फोटो काढावेत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि वन, महसूल व कृषी खात्याची माणसं पंचनाम्याला येईपर्यंत शेत तसंच ठेवावं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. शेजाऱ्याचंही नुकसान झालं असेल तर अर्ज एकाच दिवशी, सोबत जाऊन द्या. एकट्याच्या अर्जावर पंचनाम्याची तारीख पुढे ढकलणं सोपं असतं, दहा जणांच्या अर्जावर तितकं सोपं नसतं.